नसरीन मोहमदी : पाहण्यातून आलेली रेषा

नसरीन मोहमदी यांच्या चित्रांना नावे नाहीत. बहुतेकांवर तारीख नाही आणि सहीही नाही. कागदावर शिसपेन्सिलीच्या आणि काळ्या शाईच्या रेषा आहेत. कुठे दाट, कुठे इतक्या विरळ की आधी कागद दिसतो आणि रेषा मागून. चित्रकाराने स्वतःहून काही सांगितले नाही की ती रिकामी जागा दुसरे कुणीतरी भरून काढते. नसरीन यांच्या बाबतीत ती चरित्राने भरली. 1990 साली, वयाच्या 53व्या वर्षी, अलिबागजवळच्या किहीमला त्यांचे निधन झाले. त्यानंतर त्यांच्याभोवती हळूहळू एक कथा तयार होत गेली. एकटी राहणारी, जवळजवळ रिकाम्या पांढऱ्या खोलीत बसून रेषा ओढणारी, शरीर साथ सोडत असतानाही हात स्थिर राखणारी एक विरक्त स्त्री, अशी ती कथा. तिच्यातला तपशील बहुतांशी खरा आहे. मात्र या स्त्रीने जगाकडे पाठ फिरवून शुद्ध रेषेचा आसरा घेतला, हा त्यातून काढला जाणारा निष्कर्ष मला साफ चुकीचा वाटतो, आणि ही प्रस्तावना त्या निष्कर्षाच्या विरोधात आहे. नसरीन यांची रेषा पाहण्यातून आली आहे. डोळ्यांसमोरच्या वस्तूंमधले अंतर, ताण, उतार, लय त्यांनी वर्षानुवर्षे निरखली. पुढे वस्तू गाळली आणि वस्तूंमधले हे संबंध तेवढे कागदावर ठेवले. त्यांच्या अमूर्तात जग टाकून दिलेले नाही, ते नीट मोजून घेतलेले आहे. हे म्हणणे पुराव्यांवर टिकते का, ते पुढे पाहू.

आधी आयुष्याचा ढोबळ क्रम. जन्म 1937 सालचा, कराचीतला. मुंबईच्या सार्वजनिक जीवनात ज्या तय्यबजी घराण्याचे नाव आहे, त्याच सुलेमानी बोहरा गोतावळ्यातले त्यांचे कुटुंब. आई फार लवकर गेली. 1944मध्ये सगळे मुंबईला आले. वडिलांचा व्यवसाय बहारीनमध्ये होता आणि तोही छायाचित्रणाच्या साहित्याचा. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण ती पुढे उपयोगी पडणार आहे. 1954 ते 1957 लंडनच्या सेंट मार्टिन्स कलाशाळेत शिक्षण, 1961 ते 1963 फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिस, मग मुंबई, काही काळ दिल्ली, आणि 1972पासून बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललितकलेचे अध्यापन. लंडन आणि पॅरिस ही नावे वाचली की हे अमूर्त विलायतेहून आणलेले असणार, असे वाटणे साहजिक आहे. पण या दोन मुक्कामांच्या मधली मुंबईतली वर्षे निर्णायक होती असे मला वाटते. वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये तेव्हा एकाच आवारात इब्राहिम अल्काझींच्या नाटकांच्या तालमी चालत, रविशंकरांचे संगीताचे वर्ग भरत आणि चित्रकारांचे स्टुडिओ थाटलेले असत. हुसेन तिथे होते, वासुदेव गायतोंडे होते, मूळच्या गोव्याच्या प्रफुल्ला डहाणूकर होत्या. नसरीन 1958च्या सुमारास या वातावरणात आल्या आणि 1961 साली गॅलरी 59मध्ये त्यांचे पहिले एकल प्रदर्शन झाले. नागपुरात जन्मलेल्या, जे. जे.त शिकलेल्या गायतोंड्यांच्या कॅनव्हासवरून त्याच सुमारास मानवाकृती निरोप घेत होत्या. म्हणजे आकृतीविना चित्र उभे राहते का, हा प्रश्न त्या आवारात रोजच्या कामाचा प्रश्न होता. पुस्तकातून किंवा परदेशी प्रदर्शनातून तो उचलून आणावा लागत नव्हता. एका अमूर्त चित्रकार स्त्रीला शेजारच्याच स्टुडिओत दुसरी अमूर्त चित्रकार स्त्री भेटावी, हेही त्या काळात अन्यत्र सहज घडणारे नव्हते. गायतोंडे मराठी वाचकाला परिचयाचे आहेत. नसरीन यांना त्याच मुंबईच्या परंपरेत वाचायला हवे.

साठच्या दशकातली त्यांची चित्रे आज कमी पाहिली जातात. ती पाहिली तर सुरुवातीपासूनच त्या भूमितीच्या होत्या हा समज गळून पडतो. या काळात तैलरंगातले कॅनव्हास आहेत, कोलाज आहेत आणि शाईच्या पातळ थरांची, म्हणजे वॉशची, कागदावरची कामे आहेत. त्यांत झाडाच्या फांद्या ओळखू येतात, क्षितिज ओळखू येते, दमट हवेत विरघळत गेलेला किनारा असावा असे काहीतरी जाणवते. रंग राखाडी, करडे, मातकट. गायतोंड्यांची सावली त्यांवर आहे, आणि ती नाकारण्याचे कारण नाही; रंगाच्या थरातून अवकाश निर्माण करण्याची रीत तिथूनच आलेली दिसते. पण लक्ष द्यायचे ते पुढच्या हालचालीकडे. पर्णहीन फांदी एका चित्रात फांदी असते, दुसऱ्यात फांद्यांचे जाळे होते, तिसऱ्यात त्या जाळ्यातली दिशा आणि दाटी तेवढी उरते. सत्तरचे दशक उगवता उगवता रंग गेला, ब्रश गेला, आणि कागदावर आडव्या-उभ्या रेषांची जाळी आली. वरवर पाहता हा तुटक बदल वाटतो. फांदी ते जाळी हा प्रवास एकेक कागद पुढे ठेवून पाहिला तर तो तुटक राहत नाही. प्रत्येक टप्प्यावर निसर्गाचा एकेक गुण गाळला गेला आहे आणि जो उरला तो आधीच्या चित्रात हजर होताच.

आता सत्तरच्या दशकातले एखादे रेखाटन जवळून पाहू. कागद साधारण दोन हातांच्या कवेत मावणारा. साधने वास्तुरचनाकाराच्या टेबलावरची: टी-स्क्वेअर, गुण्ये, कर्कटक, ड्राफ्टिंगची शाईची पेने, वेगवेगळ्या काठिण्याच्या पेन्सिली. दोन फुटांवरून पाहिले तर एक करडा पट्टा दिसतो, डावीकडे गडद, उजवीकडे फिका. अर्ध्या फुटावर आले की पट्टा नाहीसा होतो आणि रेषा उरतात. काही शाईच्या आहेत, काही पेन्सिलीच्या, आणि त्या एकाआड एक नाहीत. शाईच्या दोन रेषांमध्ये कधी तीन पेन्सिली रेषा येतात, कधी एक, कधी कोरी पट्टी. शाईची रेषा सारख्या जाडीची असते, ती कागदावर बसते. पेन्सिलीची रेषा कागदाच्या पोतावर अडखळते, तिच्यात बारीक दाणे उमटतात, आणि पट्टीच्या शेवटाला हात उचलताना ती किंचित हलकी होते. या दोन्हींच्या मिश्रणाने पृष्ठभाग आत-बाहेर होऊ लागतो. शाई पुढे येते, पेन्सिल मागे राहते. मग आडव्या रेषांना छेद देणाऱ्या तिरप्या रेषा येतात आणि सपाट कागद एका बाजूने उचलला गेल्यासारखा कलतो. रंग नाही, छायाभेद नाही, तरी खोली निर्माण झाली आहे, ती केवळ अंतर आणि वजन यांच्या हिशेबावर. आणि हा हिशेब खोडता येणारा नव्हे. शाईची शंभरावी रेषा केसभर सरकली तर आधीच्या नव्व्याण्णव वाया जातात. ज्यांनी शाळेत कंपासपेटीतल्या गुण्याने समांतर रेषा ओढल्या आहेत त्यांना यातले अवघडपण सांगायला नको. इतक्या कष्टांनी जे केले ते निव्वळ मनःशांतीसाठी केले असेल, हे पटत नाही. कुणी इतके काटेकोर मोजतो तेव्हा त्याला काहीतरी नेमके धरायचे असते.

ते काय होते, याचा सर्वांत बळकट पुरावा छायाचित्रांत आहे. नसरीन तरुणपणापासून कॅमेरा वापरत. वडिलांच्या व्यवसायामुळे ते यंत्र त्यांच्या घरातलेच होते. त्यांनी काढलेली कृष्णधवल छायाचित्रे बहारीन-कुवेतच्या वाळवंटातली आहेत, फत्तेपूर सिक्रीच्या फरसबंद अंगणातली आहेत, चंदिगडच्या काँक्रीटची आहेत, जपानमधली आहेत, किहीमच्या किनाऱ्यावरची आहेत. रस्त्यावरचे पांढरे पट्टे आहेत. मागावर ताणलेला ताणा आहे. या शेवटच्या प्रतिमेशी क्षणभर थांबावे. चौकटीत विणकर नाही, कापडही नाही. डोळ्यांच्या पातळीवरून दूर पळत जाणारे समांतर धागे तेवढे आहेत. उजेड तिरपा पडल्याने काही धागे लखलखतात, काही काळोखात बुडतात, आणि लांबवर त्यांच्यातले अंतर मिटून एक करडा पट्टा होतो. वरच्या परिच्छेदातले रेखाटन आणि हा ताणा शेजारी ठेवले की आणखी काही समजावून सांगण्याची गरज उरत नाही. फत्तेपूर सिक्रीतही तेच. महाल आणि घुमट चौकटीबाहेर आहेत. आत आहे दगडी फरशीचा तिरपा छेद आणि पाण्याच्या हौदाची धार. किहीमच्या वाळूवर ओहोटीने सोडलेल्या वळ्या आहेत. (याच किहीममध्ये, 1930 साली, याच गोतावळ्यातल्या सालिम अलींनी सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा त्यांचा प्रसिद्ध अभ्यास केला. एकाच किनाऱ्यावर दोन माणसांनी इतक्या चिकाटीने निरीक्षण करावे, याचा मला मनापासून आनंद वाटतो.) कॅमेऱ्यात काय घ्यायचे याइतकेच काय वगळायचे याचा निर्णय नसरीन करत होत्या, आणि जे वगळले जात होते तेच पुढे रेखाटनातूनही वगळले गेले: नाव सांगता येईल अशी वस्तू.

यावर एक रास्त आक्षेप आहे. नसरीन यांनी हयातीत ही छायाचित्रे कधी प्रदर्शित केली नाहीत. मग जे त्यांनी स्वतः कलाकृती म्हणून पुढे केले नाही ते आपण चित्रांची किल्ली म्हणून वापरावे का? त्यात त्यांच्या निवडीचा अनादर होत नाही का? हा आक्षेप मी हलक्याने घेत नाही. छायाचित्रांना रेखाटनांच्या बरोबरीची स्वतंत्र कलाकृती ठरवण्याची घाई आज दिसते, आणि ती मला मान्य नाही. पण पुरावा म्हणून त्यांचा उपयोग करायला हरकत नसावी. कवीने प्रकाशित न केलेल्या कच्च्या वह्यांवरून आपण त्याची कविता कशी घडली ते ठरवतोच. दुसरे असे, की संबंध एकेरी आहे असे माझे म्हणणे नाही. ताण्याचे छायाचित्र पाहून त्यावरून रेखाटन केले, असा सरळ धागा जोडता येत नाही. कित्येकदा रेखाटनात कमावलेली नजर घेऊनच त्या रस्त्यावर उतरल्या असतील आणि पट्टे त्यांना त्यामुळे दिसले असतील. तरीही माझा मुद्दा शाबूत राहतो. डोळा आणि हात एकमेकांना शिकवत होते, आणि त्या शिकवणीत जग सतत हजर होते.

अधिक जोरकस आक्षेप अध्यात्माच्या बाजूने येतो. नसरीन यांची रेषा म्हणजे साधना, तिची पुनरावृत्ती म्हणजे जप, रिकामा कागद म्हणजे शून्य, असे वाचन लोकप्रिय आहे. कुणी त्यात सूफी परंपरा पाहतात, कुणी झेन. आधार म्हणून त्यांच्या दैनंदिनी दाखवल्या जातात. त्यांत कांडिन्स्की, मालेविच, क्ले यांची नावे येतात, शून्याविषयी आणि एकाकीपणाविषयी त्रोटक वाक्ये येतात. हे नाकारायचे कारण नाही. माणसाला एकाच वेळी ध्यान आणि निरीक्षण दोन्ही साधू शकते. पण दैनंदिनी पूर्ण पाहाव्यात. त्यांत ऊन, वाळू, पाणी, सावली, रस्ता यांविषयीच्या नोंदी वारंवार आहेत. म्हणजे ध्यान लागत असेल तर ते डोळे उघडे ठेवून. शिवाय त्या पानांचे रूप मला त्यांतल्या वाक्यांहून महत्त्वाचे वाटते. छापील डायरीच्या दिवसावार आखलेल्या पानांवर आधी मजकूर आहे, आणि नंतर त्यावर शाईचे आडवे पट्टे ओढलेले आहेत. कुठे सबंध ओळी झाकल्या गेल्या आहेत, कुठे मधूनच एखादा शब्द मोकळा सोडलेला आहे. त्यामुळे पानाची लय मजकुरापेक्षा पट्ट्यांतून वाचली जाते. ज्या बाईने स्वतःचे शब्द असे झाकले, तिच्या उरलेल्या शब्दांवर चित्रांचा सगळा अर्थ लादणे धोक्याचे आहे. अध्यात्माचे वाचन खोटे नाही. मात्र ते इतके सोयीचे आहे, की ते स्वीकारल्यावर प्रत्यक्ष रेखाटनाकडे पाहण्याची गरजच उरत नाही. ‘शांतता’ म्हटले की काम भागते. आणि नसरीन यांची बरीच रेखाटने शांत नाहीतच. तिरप्या रेषांचा वेग, मध्येच तुटलेला पट्टा, कागदाच्या एका कोपऱ्यात कोंडलेला ताण यांत अस्वस्थता भरपूर आहे.

आजाराविषयीही बोलले पाहिजे, कारण त्याने सगळ्यात जास्त गैरसमज पसरवला. हालचालींवरचा ताबा हळूहळू सुटत जाणारा मज्जासंस्थेचा विकार त्यांना होता. कुटुंबात तो आधीही येऊन गेला होता, म्हणजे पुढे काय वाढून ठेवले आहे हे त्यांना ठाऊक होते. थरथरणाऱ्या हाताने काढलेली अढळ रेषा, हे चित्र फार हेलावून टाकणारे आहे, म्हणून लेखक त्याला सोडत नाहीत. पण कार्यकारणाच्या दृष्टीने ते टिकत नाही. जाळीची भाषा सत्तरच्या दशकाच्या आरंभीच पक्की झाली होती आणि तिची मुळे त्याहून मागे, साठच्या दशकातल्या फांद्यांत आहेत. पट्टी आणि गुण्या ही साधने आजाराशी झगडण्यासाठी हाती घेतलेली नव्हती. पुढे त्यांनी हाताला आधार दिला असेल, ती गोष्ट वेगळी. आणि ऐंशीच्या दशकातली, म्हणजे शरीर सर्वाधिक अडचणीत असतानाची, रेखाटने पाहिली तर आधीचीच भाषा कशीबशी राखलेली दिसत नाही. ती रेखाटने अधिक धाडसी आहेत. जाळी मोडलेली आहे. पांढऱ्या अवकाशात एखादा कललेला त्रिकोण, दोन-चार तिरपे छेद, एखादे वर्तुळ किंवा कंस तरंगतो. त्याला तळ नाही, टेकू नाही. भरगच्च कागदावर पेन्सिलीची एखादी फिकी रेषा चुकली तर गर्दीत ती खपूनही जाईल. दहा रेषांच्या चित्रात लपायला जागा नसते. हात दुबळा होत असताना त्यांनी चुकीला अधिक उघडी पडणारी रीत निवडली. हा कलाविषयक निर्णय आहे, आणि त्याला रोगलक्षण म्हणून वाचणे हे कौतुकाच्या वेषातले अवमूल्यन आहे. स्त्री कलावंतांच्या वाट्याला ते विशेष येते. पुरुष चित्रकाराच्या उत्तरकाळातल्या विरळ चित्रांना आपण परिपक्वता म्हणतो आणि स्त्रीच्या तशाच चित्रांत व्यथा शोधतो. गायतोंड्यांनाही अपघात आणि आजारपण चुकले नव्हते. त्यांच्या चित्रांविषयी बोलताना ते प्रस्तावनेच्या मध्यभागी येत नाही.

मला सर्वाधिक विचार करायला लावणारा आक्षेप राजकीय आहे. नसरीन बडोद्यात शिकवत होत्या त्या वर्षांत देशात आणीबाणी आली आणि गेली. बडोद्यातच भूपेन खख्खर, गुलाम मोहम्मद शेख कथनात्मक, मनुष्याकृतींनी गजबजलेली चित्रे काढत होते. 1981 साली मुंबई आणि दिल्लीत ‘प्लेस फॉर पीपल’ हे प्रदर्शन झाले. या दोघांबरोबर विवान सुंदरम, नलिनी मलानी, जोगेन चौधुरी आणि आपले सुधीर पटवर्धन त्यात होते. माणसाला, त्याच्या जागेला, त्याच्या वर्गाला चित्रात परत आणायचे, हा त्या प्रदर्शनाचा आग्रह होता. पटवर्धनांच्या चित्रातले लोकल गाड्यांमधले, ठाण्या-पोखरणच्या रस्त्यांवरचे कष्टकरी डोळ्यांसमोर आणले, तर समांतर रेषा ओढत बसलेल्या, सुखवस्तू घरातून आलेल्या चित्रकर्तीवर पलायनाचा आरोप होणे समजू शकते. माणूस त्यांच्या चित्रात खरोखरच नाही. यावरचे माझे उत्तर मर्यादित आहे. माग, फरसबंदी, रस्त्यावरचे पट्टे या साऱ्या माणसांच्या हातच्या गोष्टी आहेत, पण तेवढ्यावरून मी नसरीन यांना श्रमिकांच्या चित्रकार ठरवणार नाही. तो ओढूनताणून लावलेला अर्थ होईल. माझे म्हणणे इतकेच, की लक्ष देण्याची ही रीत कथनात्मक चित्राच्या शत्रुपक्षातली नव्हे. त्या काळच्या चित्रकारांनीही तिला तसे मानले नव्हते. नसरीन यांचे धाकटे बंधू अल्ताफ मोहमदी आणि त्यांच्या पत्नी नवज्योत अल्ताफ हे दोघे मुंबईत डाव्या चळवळीशी उघडपणे जोडलेले चित्रकार होते. 1995 साली नसरीन यांच्या कामाचा आणि दैनंदिनीचा पहिला मोठा ग्रंथ निघाला, तो अल्ताफ यांनीच संपादित केला. त्यात कलासमीक्षक गीता कपूर यांचा निबंध आहे, आणि ‘प्लेस फॉर पीपल’ची भूमिका मांडणारा निबंधही गीता कपूर यांनीच लिहिला होता. ज्यांनी माणसाला चित्रात परत आणण्याची बाजू लढवली त्यांनाच माणूस नसलेल्या या रेषांविषयी लिहावेसे वाटले. पलायनाचा आरोप करणाऱ्यांनी याचा विचार करावा.

परदेशी समीक्षेने वेगळी अडचण करून ठेवली. नसरीन यांची ओळख करून देताना अमेरिकी चित्रकार अॅग्नेस मार्टिनचे नाव घेण्याचा प्रघात पडला. दोघींच्या कामात जाळी, पेन्सिल, संयम आणि एकान्त आहेत हे खरे. पण चित्रे शेजारी ठेवली की साम्य फार पुढे जात नाही. मार्टिनचा कॅनव्हास पुष्कळदा सहा फूट बाय सहा फूट, माणसाच्या उंचीचा. तिची पेन्सिलीची रेषा रंगाच्या फिकट थरावर चालते आणि हाताची किंचित थरथर ती मुद्दाम राखते. तिची जाळी समतोल साधून थांबते. नसरीन यांचा कागद टेबलावर मावणारा, रेषा साधनाने ओढलेली, आणि रचना सदैव कुठेतरी निघालेली. त्यांच्या रेषेला दिशा आहे, म्हणजे ती पाहणाऱ्याला एका जागी उभे करून दूरवर न्यायला लागते. रस्ता, ताणा, क्षितिज पाहताना असते तसे हे उभे राहणे आहे. अमेरिकी मिनिमलिझमशी नाते जोडतानाही हाच फरक विसरला जातो. तिथे एकसारखा घटक पुन्हा पुन्हा येतो. इथे एकही अंतर दुसऱ्यासारखे नाही. नसरीन यांच्या निकटचा दुवा शोधायचाच तर तो त्यांच्याच वयाच्या झरीना हाश्मी यांच्याशी सापडतो. त्याही 1937च्याच, अलिगढच्या. कागद आणि काळी रेषा ही त्यांचीही सामग्री. पण झरीना यांची रेषा घराचा नकाशा आणि सीमा सांगते, नसरीन यांची सांगत नाही. हा फरक अभ्यासण्याजोगा आहे, आणि त्यासाठी मार्टिनच्या न्यू मेक्सिकोपर्यंत जावे लागत नाही.

कीर्ती उशिरा आली आणि बरीचशी वळसा घालून आली. 2005मध्ये न्यूयॉर्कच्या ड्रॉइंग सेंटरमध्ये प्रदर्शन झाले, 2007मध्ये जर्मनीतल्या कासेलच्या ‘डॉक्युमेंटा’त चित्रे लागली, 2013मध्ये दिल्लीच्या किरण नाडर संग्रहालयाने मोठे सिंहावलोकन भरवले, 2015मध्ये ते माद्रिदच्या रैना सोफिया संग्रहालयात गेले, आणि 2016 साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने ‘मेट ब्रॉयर’ ही नवी शाखा उघडली तेव्हा उद्घाटनाच्या प्रदर्शनांत नसरीन यांचे एक होते. या यादीत एक गोष्ट अभिमानाने नोंदवण्याजोगी आहे. दिल्ली, माद्रिद आणि न्यूयॉर्क या टप्प्यांमागे क्युरेटर रुबीना करोडे यांचे काम आहे, आणि रुबीना या बडोद्यातल्या नसरीन यांच्या विद्यार्थिनी. ज्या शिक्षिकेने स्वतःच्या चित्राला नाव दिले नाही, तिचे नाव तिच्या वर्गातून पुढे गेले. बडोद्याच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्याविषयी जे सांगितले आहे त्यातही शैलीच्या अनुकरणाचा उल्लेख फारसा येत नाही. रस्त्यात थांबून सावली कशी पडली आहे ते पाहायला लावणे, कागदावर काय ठेवायचे यापेक्षा काय काढून टाकायचे हे विचारणे, असे शिकवणे त्यात येते. त्यांच्यासारख्या रेषा काढणाऱ्यांचा संप्रदाय बडोद्यात तयार झाला नाही, याला मी वारशाचे अपयश मानत नाही. त्यांची रेषा शैली म्हणून उचलली तर चार दिवसांत सजावट होते. तिच्यामागची नजर उचलणाऱ्याला ती रेषा काढावी लागत नाही.

शेवटी एक व्यवहाराची सूचना. नसरीन यांची रेखाटने छपाईत फार सोसतात. पेन्सिलीची कठीण, फिकी रेषा छापील कागदावर एकतर नाहीशी होते किंवा शाईच्या रेषेइतकी काळी होऊन बसते, आणि त्या दोहोंमधला जो फरक वर वर्णिला तोच हरवतो. मोबाइलच्या पडद्यावर समांतर रेषा लहरू लागतात. तो पडद्याचा दोष असतो, चित्रकाराचा हेतू नसतो. छायाचित्रांचे तसे नाही, ती छपाईत बऱ्यापैकी टिकतात. म्हणून वाचकाने ती आधी सावकाश पाहावीत, रेखाटने मागून पाहावीत, आणि संधी मिळेल तेव्हा मूळ कागदासमोर जावे. किरण नाडर संग्रहालयाकडे त्यांचा मोठा संग्रह आहे. तिथे एखाद्या कागदासमोर आधी दोन-तीन फुटांवर उभे राहावे, मग काचेच्या जवळ जावे, आणि शाईच्या दोन रेषांमध्ये पेन्सिलीच्या किती रेषा आहेत ते मोजावे.